कॅमेरा वारंवार बंद पडतो? आधी तार पाहा, मग बाजारात जा

साताऱ्याच्या पेठा घ्या, सांगलीचा मारुती रोड घ्या, मिरजेची बाजारपेठ घ्या. दुकानाच्या पाटीखाली किंवा घराच्या दारावर कॅमेरा नाही अशी जागा आज शोधावी लागते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ही चीज बँका आणि सराफांपुरती होती. आता बेकरीवाला, गादीवाला, शिलाईचा कारखानदार, वेल्डिंगवाला, चिकन सेंटरवाला, साऱ्यांकडे चार कॅमेऱ्यांचा संच असतो आणि घरात वायफायवर चालणारा एखादा कॅमेरा असतो. बसवताना उत्साह मोठा. सहा महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. एक कॅमेरा अधूनमधून काळा पडतो, मोबाइलवर 'ऑफलाइन' येते, रात्री चित्र जाते आणि सकाळी आपोआप परत येते. मग बसवणारा मुलगा येतो, शिडी न लावताच वर बघतो आणि सांगतो, "चाचा, कॅमेरा गेला, नवीन टाकावा लागेल."

आमचे म्हणणे एवढेच आहे की बहुतेक वेळा कॅमेरा गेलेला नसतो. त्याला वीज पुरी पोचत नसते, किंवा जोड सडलेला असतो, किंवा घरातले वायफाय तिथवर जात नसते. कॅमेरा बदलला की नव्या जोडामुळे चार-सहा महिने बरे चालते आणि मग तीच तक्रार पुन्हा येते. पैसे मात्र दोनदा गेलेले असतात. आम्ही कापडाच्या धंद्यातले, विजेच्या विद्येत आम्हाला पदवी नाही. पण दुकान, गोदाम आणि घर या तिन्ही ठिकाणी हे प्रकरण वर्षानुवर्षे सांभाळताना, शिडीखाली उभे राहून कारागिराला प्रश्न विचारताना जे कळले, ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आणि हा केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न नाही. कॅमेरा तीनशे चौसष्ट दिवस चालून कामाच्या एका रात्री बंद असला, तर तो असून नसल्यासारखा. गल्ल्यातली रक्कम गेली, नोकरावर नाहक आळ आला, गाडी ठोकून कोणी पळाला, गर्दीच्या गुन्ह्यात आपल्या मुलाचे नाव आले आणि तो त्या वेळी दुकानातच होता हे दाखवायचे आहे, अशा वेळी दोन तासांचे चित्रण हीच आपली साक्ष असते. ती साक्ष नेमकी त्याच वेळी गैरहजर राहावी, यासारखे दुर्दैव नाही.

पहिला प्रश्न: नेमके काय बंद आहे?

कारागिराला फोन करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. मोबाइलवर चित्र येत नाही म्हणजे कॅमेरा बंद, असे धरून चालू नये. दुकानातल्या टीव्हीवर किंवा मॉनिटरवर चित्र दिसत असेल, तर कॅमेरा आणि डीव्हीआर दोन्ही ठीक आहेत आणि चित्रणही होत आहे. अडचण इंटरनेटची आहे. राउटर बंद आहे, महिन्याचे पैसे भरायचे राहिले आहेत किंवा फायबरची पेटी इन्व्हर्टरवर घेतलेली नाही. वीज गेली की कॅमेरे बॅटरीवर चालू राहतात, पण राउटर बंद पडतो आणि घरी बसलेला मालक घाबरतो. हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात कमी गंभीर प्रकार.

दुसरी गोष्ट, एकच कॅमेरा जातो की सगळे? सगळे एकदम गेले तर वीज देणारी पेटी, म्हणजे कारागीर ज्याला एसएमपीएस म्हणतात ती, किंवा खुद्द डीव्हीआर, यांपैकी एकात दोष आहे. एकच जात असेल तर त्या कॅमेऱ्याची तार, जोड किंवा अ‍ॅडाप्टर. इथे अदलाबदलीचा साधा उपाय आहे. बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याची तार डीव्हीआरच्या मागे दुसऱ्या चालू खाचेत लावून पाहावी. तिथे चित्र आले तर दोष डीव्हीआरच्या खाचेत. तिथेही नाही आले तर कॅमेरा खाली उतरवून हातभर चांगल्या तारेने थेट डीव्हीआरला जोडावा. आता चित्र स्वच्छ आले तर कॅमेरा निर्दोष आहे आणि गुन्हेगार भिंतीवरून गेलेली तार आहे. या दोन अदलाबदली केल्याशिवाय नवीन कॅमेऱ्याचे पैसे देऊ नयेत. कारागीर नाखूश झाला तरी चालेल.

रात्री जाणारे चित्र

दिवसभर चांगला चालणारा कॅमेरा मगरिबच्या सुमारास जातो, मिनिटभराने येतो, पुन्हा जातो. जवळ उभे राहिले तर आतून 'टिक' असा बारीक आवाज येतो. लोक याला कॅमेऱ्याचा आजार समजतात. वास्तविक ही विजेची उपासमार आहे.

अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेडचे दिवे लागतात. ते आपल्या डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत, पण वीज खातात. साध्या कॅमेऱ्याला बारा व्होल्ट लागतात. पेटीतून बारा निघतात, पण लांबच्या बारीक तारेत वाटेतच गळती होऊन कॅमेऱ्यापाशी साडेनऊ-दहाच उरतात. दिवसा तेवढ्यावर भागते. रात्री दिवे लागताच मागणी वाढते, व्होल्टेज आणखी खाली येते आणि कॅमेरा बंद होतो. बंद झाला की दिवे विझतात, व्होल्टेज वर येते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, अंधार पाहून पुन्हा दिवे लावतो आणि पुन्हा पडतो. रात्रभर हा खेळ चालतो. तो 'टिक' आवाज रात्रीचा पडदा आत-बाहेर सरकण्याचा असतो.

याची परीक्षा सोपी. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्यावा, रात्री दिवे लागलेले असताना पेटीपाशी व्होल्ट मोजावे आणि मग कॅमेऱ्याच्या टोकाला मोजावे. पेटीपाशीच बारापेक्षा बरेच कमी भरले तर पेटी थकली आहे. तिच्या आतले कपॅसिटर उन्हाळ्यात फुगतात, डोक्यावर टेकाड आलेले डोळ्यांना दिसते. नवी पेटी काही शे रुपयांत येते. चार कॅमेऱ्यांना पाच अँपिअरची आणि आठांना दहा अँपिअरची पेटी घालण्याचा रिवाज आहे. चारांसाठी घेतलेल्या पेटीवर मागाहून पाचवा-सहावा कॅमेरा लटकवला असेल, तर तक्रार कोठून आली हे शोधायला लांब जायला नको. मात्र पेटी उघडण्याआधी मेन स्विच बंद करावा. तिच्यात घरचीच 230 व्होल्टची वीज असते आणि ती कोणाला ओळखत नाही.

पेटीपाशी बारा आणि कॅमेऱ्यापाशी दहा भरले तर दोष तारेचा. आता तारेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बाजारात खरी फसवणूक इथेच आहे. आम्ही कापडवाले सुताची परीक्षा काडी लावून करतो. जळाल्यावर राख झाली की गाठ झाली, यावरून सुती आणि सिंथेटिक कळते. तारेची परीक्षा ब्लेडने करावी. वरून तांबूस दिसणारी तार खरवडली आणि आतून पांढरी निघाली, तर ते अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेले तांब्याचे पाणी आहे. खोटी जर आणि खरी जर यांच्यात जो फरक, तोच इथे. असली तार वीज कमी वाहते, वाकवली की मोडते आणि जोडापाशी लवकर गंजते. दहा मीटरच्या आत ती खपून जाते. दुकानाच्या मागून गोदामाच्या टोकापर्यंत तीस-चाळीस मीटर नेली की रात्रीचा खेळ सुरू. कोटेशनमध्ये नुसते 'केबल' असे लिहिलेले असते, ते 'पूर्ण तांब्याची केबल' असे लिहून घ्यावे. सगळी तार बदलणे परवडत नसेल तर लांबच्या कॅमेऱ्यासाठी त्याच्या जवळच्या बोर्डावरून स्वतंत्र अ‍ॅडाप्टर द्यावा. काही कारागीर पेटीतला बारीक स्क्रू फिरवून व्होल्टेज चढवून देतात. लांबचा कॅमेरा त्याने खूश होतो, पण जवळच्याला ते जास्त होते. हा उपाय बेताने आणि मोजूनच करावा.

नवीन धाटणीच्या आयपी कॅमेऱ्यांत एकाच तारेतून वीज आणि चित्र दोन्ही जातात. तिथे शंभर मीटरची मर्यादा पाळावी आणि टोकाची पिन नीट दाबलेली आहे ना, एवढे पाहावे.

पाऊस, उंदीर आणि माकडे

एकाच धंद्यातले दोन दुकानदार, एक महाबळेश्वरचा आणि एक आटपाडीचा, यांना एकच सल्ला देऊन भागत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणी, मेढा, पाटण, कोयनेचा पट्टा या बाजूला कॅमेऱ्याचा शत्रू पाणी. माण, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांत शत्रू ऊन आणि धूळ.

पाण्याचे असे की कॅमेरा स्वतः पाणी सोसतो, जोड सोसत नाही. बसवणाऱ्याने घाईत बीएनसी आणि विजेची पिन काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून भिंतीवर उघडी सोडलेली असते. पहिल्या पावसाळ्यात पट्टी सुटते, आत हिरवा गंज धरतो आणि चित्रात आधी रेघा, मग बर्फासारखे ठिपके आणि शेवटी अंधार. उपाय असा की प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्याखाली प्लॅस्टिकची झाकणाची पेटी हवी आणि जोड तिच्या आत हवेत. तार पेटीत शिरण्याआधी तिला खाली थोडा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली टपकते, आत जात नाही. हा झोळ फुकट आहे आणि तो नसल्याने आम्ही कित्येक कॅमेरे मेलेले पाहिले. गंजलेला जोड पुसून परत लावू नये. कापून नवीन पिन लावावी.

घराच्या माळ्यावर आणि कापडाच्या गोदामात उंदीर तार कुरतडतात. तार पाइपातून न्यावी. डोंगरी भागात माकडे पन्हाळीवरून उड्या मारताना तार ओढतात, तिथेही पाइपच. कोळ्यांचा उपद्रव निराळा. इन्फ्रारेडच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळे विणतो. रात्री ते जाळे पांढरेफटक चमकते, वाऱ्याने हलते आणि मोबाइलवर रात्रभर इशारे येत राहतात. आठवड्याला एकदा कोरड्या कुंच्याने साफ करणे हाच उपाय.

ऊन आणि धुळीच्या भागात डीव्हीआरला हवा मिळत नाही. मिरजेतल्या आमच्या एका स्नेह्यांच्या बेकरीत डीव्हीआर रोज पहाटे आपोआप बंद होऊन सुरू व्हायचा. दोन कारागिरांनी पाहिला, दोघांनी नवीन सुचवला. यंत्र भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवलेले होते आणि पहाटे भट्टी तापते, एवढेच कारण. ते काउंटरमागे आणल्यावर तक्रार गेली. आमच्या धंद्यात तंतू आणि कापसाची धूळ जाळीवर बसते. कुलूपबंद लाकडी कपाटात डीव्हीआर कोंडणारेही पुष्कळ आहेत. चोरापासून तो वाचतो, पण उष्णतेने जातो. कपाटाला मागून जाळी लावावी.

माग, वेल्डिंग आणि अर्थिंग

विटा, माधवनगर या भागात घराला लागून माग आहेत. कारागिरांच्या वस्तीत एकाच मीटरवर वेल्डिंग मशीन आणि घर चालते. मोटर सुरू होताना किंवा वेल्डिंगचा ठिणगा पडताना व्होल्टेज क्षणभर खाली येते. दिवा नुसता लुकलुकतो, डीव्हीआर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्याला पुरते सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. दिवसातून दहा वेळा असे झाले तर वीस मिनिटांचे चित्रण गेले. घरचा इन्व्हर्टर इथे नेहमी पुरत नाही. मेनवरून बॅटरीवर जाताना तो जो पळभर थांबतो, तेवढ्यातच डीव्हीआर पडतो. संगणकाला लावतात तसला छोटा यूपीएस डीव्हीआर, एसएमपीएस आणि राउटर या तिघांपुरता लावावा. त्यावर पंखा, टीव्ही चढवू नये.

चित्रावर खालून वर सरकणारे आडवे पट्टे दिसत असतील तर तो बहुधा अर्थिंगचा घोटाळा असतो. लोखंडी खांबाला किंवा शटरच्या चौकटीला कॅमेरा थेट कसलेला असतो, त्या लोखंडाची जमीन एक आणि डीव्हीआरची दुसरी. मध्ये लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून कॅमेरा बसवला की पट्टे जातात. वळवाच्या विजांत लांबच्या तारेवरून झटका येऊन सगळा संच जळाल्याचे प्रकार होतात. एप्रिल-मेमध्ये दुकान वाढवताना आभाळ गडगडत असेल तर अवघड निर्णय असतो. बंद केले तर पहारा गेला, चालू ठेवले तर यंत्र जाण्याचे भय. आम्ही चांगले अर्थिंग करून घेतले आहे आणि चालूच ठेवतो.

घरातला वायफाय कॅमेरा

साताऱ्याचे जुने वाडे दगडमातीचे, भिंती हात-दीड हात जाड. माजघरात ठेवलेल्या राउटरचे वायफाय अशा दोन भिंती ओलांडून अंगणातल्या कॅमेऱ्यापर्यंत जाईल ही अपेक्षाच चुकीची आहे. पत्रा, लोखंडी शटर आणि पाण्याची टाकी यांमुळेही तेच होते. कॅमेऱ्याच्या जागी आपला मोबाइल धरून पाहावा. तिथे वायफायच्या रेघा दोनच येत असतील तर कॅमेऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. राउटर सरकवावा, उंचावर ठेवावा किंवा मध्ये दुसरा राउटर तारेने जोडून द्यावा.

दुसरे असे की बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त 2.4 गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात. नवे राउटर 2.4 आणि 5 ही दोन्ही एकाच नावाने दाखवतात आणि कॅमेरा गोंधळतो. कधी जोडला जातो, कधी नाही. राउटरमध्ये दोहोंना वेगळी नावे द्यायला सांगावे आणि कॅमेरा 2.4 च्या नावाला जोडावा. सांगली-मिरजेच्या अपार्टमेंटमध्ये वीस-पंचवीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात. तिथे 1, 6 आणि 11 या तीन वाटांपैकी जी कमी गर्दीची असेल ती कायम ठरवून द्यावी. आणि कॅमेऱ्याचा अ‍ॅडाप्टर त्याच्याबरोबर आलेलाच वापरावा. मोबाइलचा जुना चार्जर आणि तीन मीटरची बारीक तार जोडून चालवलेला कॅमेरा रात्री पडणारच. कारण वर सांगितलेच आहे.

शेतावर, गोठ्यावर किंवा बांधकामावर सिमकार्डाचे सोलर कॅमेरे लागले आहेत. ते रोज संध्याकाळी बंद पडून मध्यरात्री सुरू होत असतील, तर सिमचा दिवसाचा डेटा संपतो आहे आणि बारा वाजता नवा मिळतो आहे. कॅमेरा उघडून पाहायची गरज नाही.

इंटरनेट गेले तरी चित्रण राहिले पाहिजे

वायफाय कॅमेरे विकणारे सांगतात की चित्रण 'क्लाउड'वर जाते, घरात काही ठेवायला नको. इथे आमच्या वाचकांनी थांबून विचार करावा. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत दंगल झाली. मशिदीवर, घरांवर आणि दुकानांवर हल्ले झाले आणि एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरातही हेच झाले होते. त्या घटनांचा विचार या पानाचा विषय नाही. पण व्यापाऱ्याने ध्यानात घ्यावे असे यात एक आहे. ज्या दिवशी कॅमेऱ्याची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच दिवशी इंटरनेट नसण्याचा संभव अधिक. केवळ क्लाउडवर अवलंबून असलेला कॅमेरा त्या दिवशी आंधळा असतो. डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर किंवा कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डावर होणाऱ्या चित्रणाला इंटरनेट लागत नाही. म्हणून घरच्या वायफाय कॅमेऱ्यात कार्ड असलेच पाहिजे, आणि क्लाउड असेल तर ते वरकड.

आता हे कार्ड आणि डिस्क. दोन्ही झिजतात. कार्डावर रात्रंदिवस लिहिणे चालू असते. साधे मोबाइलचे कार्ड त्यासाठी बनवलेले नसते, सतत चित्रणासाठी म्हणून मिळणारेच घ्यावे. स्वस्त कार्डांवर छापलेली क्षमता पुष्कळदा खोटी असते. डिस्कही पाळत-कॅमेऱ्यांसाठीची वेगळी मिळते, तीच घालावी. डिस्क बिघडली की डीव्हीआर 'बीप बीप' करतो. दुकानातला पोरगा आवाजाला कंटाळून सेटिंगमध्ये जाऊन बझर बंद करतो. पडद्यावर चित्र झकास दिसत राहते आणि मागे काहीच साठत नाही. हा प्रकार आम्ही एकाहून अधिक दुकानांत पाहिला आहे आणि सगळ्या बिघाडांत हा सर्वांत घातक, कारण तो दिसत नाही.

साठवणीचा हिशेब प्रत्येकाने आपला आपण करावा. सेकंदाला दोन मेगाबिट या हिशेबाने एक कॅमेरा दिवसाला साधारण 21 ते 22 जीबी चित्रण करतो. चार कॅमेऱ्यांचे 86 जीबीच्या आसपास. म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर अकरा दिवस मावतात, मग जुन्यावर नवे चढते. पंधरवड्याचा माल मोजताना चोरी लक्षात येणाऱ्या दुकानदाराला अकरा दिवस कमी पडतात. त्याने दोन टीबीची घ्यावी.

जुम्म्याची नमाज पढून आल्यावर पाच मिनिटे काढावीत. आज कॅमेरा दिसतो का, हे पाहू नये. परवा रात्री अडीच वाजताचे आणि दहा दिवसांपूर्वीचे चित्रण निघते का, हे पाहावे. आणि पडद्यावरची तारीख-वेळ घड्याळाशी ताडावी. वीज गेल्यानंतर तारीख भलतीच दाखवत असेल तर डीव्हीआरच्या आतला बटणाएवढा सेल संपला आहे. थोडक्या रुपयांचा सेल, पण त्याच्यापायी चित्रणाची वेळ खोटी ठरते आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

न्यायालयात चित्रण कसे उभे राहते

वकिलाचे नाव निघाले म्हणून सांगतो. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, असा वाद झाला आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल असा तो खटला. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मूळ यंत्र न्यायालयापुढे आणले नाही आणि नुसती नक्कल दिली, तर तिच्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे प्रमाणपत्र हवे. 1 जुलै 2024 पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि हा विषय आता कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक चित्रण देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा, लिहावे लागते.

सामान्य दुकानदाराने यातून एवढे घ्यावे. घटना घडली की त्याच दिवशी चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे, नाहीतर अकराव्या दिवशी त्यावर दुसरे चढते. मोबाइलने पडद्याचे शूटिंग करून ठेवणे ही नक्कल नव्हे. डीव्हीआर दुरुस्तीला देऊ नये, डिस्क फॉरमॅट करू नये. पोलिसांनी यंत्र नेले तर त्याचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर ते चित्रण पसरवू नये. त्याने गल्लीत आग लागते आणि खटल्याला फायदा काही होत नाही.

डीव्हीआर कोठे ठेवावा

काउंटरखाली जमिनीलगत, हे बहुतेकांचे उत्तर असते. चोराला ते ठाऊक असते आणि सांगलीत कृष्णेलाही ठाऊक आहे. 2005, 2019, 2021 या तीन महापुरांत सांगलीच्या पेठांनी काय भोगले ते सांगायला नको. आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. ज्यांचे दुकान पाणी येणाऱ्या भागात आहे त्यांनी डीव्हीआर पहिल्यांदाच पोटमाळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर बसवावा. इशारा पातळी ओलांडली की माल हलवताना त्यालाही हलवावे. मेन बंद करून मागच्या तारांना नंबर घालावेत, म्हणजे परत जोडताना घोळ होत नाही. पाण्यात बुडालेला संच वाळवून लगेच चालू करू नये.

पासवर्ड आणि घरची अब्रू

कॅमेरा अकारण पुन्हा पुन्हा सुरू होतो, त्याची दिशा आपोआप फिरते, इंटरनेट मंदावते, अशी लक्षणे असतील तर दोष तारेत नसून दारात आहे. 2016 साली 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरातले असे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, कारण त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तेच राहिले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिला रुग्णांचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत एक तरुण लातूरचा आणि एक सांगलीचा होता. हे दूरच्या मुलखातले प्रकरण नाही.

म्हणून बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा आणि त्याच्या मोबाइलवरून आपला कॅमेरा काढायला लावावा. संच बसवून झाल्यावर कारागिराच्या फोनवर आपले घर दिसत राहणे कोणत्याही मालकाला चालू नये. घरात, जिथे बायका-मुलींचा वावर आहे, तिथे आम्ही कॅमेरा लावत नाही आणि कोणी लावू नये असे आमचे मत आहे. दार, जिना, गच्चीचा दरवाजा आणि गल्लीकडची बाजू पुरे. शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड असलेला कॅमेरा आजच फिरवावा. तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खासगीची टोह घेणे, सूरह हुजुरातमध्ये मना केलेले आहे, आणि शेजाऱ्यांची निम्मी भांडणे हल्ली याच कोनावरून होतात.

एप्रिल 2025 पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा-निकषांची तपासणी सक्तीची झाली आहे. विकत घेताना बीआयएस नोंदणी क्रमांक पाहावा आणि पक्के बिल घ्यावे. जुना बिननोंदणीचा माल स्वस्तात काढून टाकणारे पुष्कळ भेटतील.

वार्षिक देखभालीचा करार करताना लोक फक्त रक्कम ठरवतात. त्यात वर्षातून दोन भेटी लिहून घ्याव्यात, एक मेअखेर आणि एक दिवाळीआधी. प्रत्येक भेटीत चार कामे: कॅमेऱ्याच्या टोकाला रात्रीचे व्होल्टेज मोजून कागदावर लिहिणे, बाहेरचे सगळे जोड उघडून पाहणे, डिस्कची तब्येत तपासणे आणि तारीख-वेळ जुळवणे. व्होल्टेजचा तो कागद डीव्हीआरच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. पुढच्या वेळी कोणी "चाचा, कॅमेरा गेला" म्हणाला, तर आधी त्याच्या हातात मल्टिमीटर द्यावा.